बाबागाडी जाईल अशी वाट

एलीदादा, तू धाडलेल्या फोटोत
पिवळी पाटी आहे, बाणासकट.
खाली तूच मराठीत लिहिलंस:
दोन किलोमीटर, चढ थोडा,
बाबागाडी जाईल अशी वाट.
मागं डोंगर, पांढरा, एवढा थोरला
की तिर्सानं मोबाइल आडवा धरला तरी मावेना.

ती म्हणाली, आपण पण जाऊ.
कुठं?
तशा वाटेनं. तशा बाजारात.
म्हटलं, चल.

आपली वाट मिशन कंपाउंडच्या मागच्या फाटकातून निघते.
पाटी नाही. कडीही नाही,
सायकलची चेन गुंडाळलेली आहे,
तीच, तुझ्या हर्क्युलिसची.
बाबागाडीच्या जागी रऊफचाचांचा हातगाडा,
त्यावर तेरा आकाशकंदील, दिवाळीत न खपलेले,
आता टोकं चिकटवून तारे झालेले,
आणि ताऱ्यांच्या मधोमध आमचा ओबेद,
कानटोपीत, हेरोद राजासारखा रुसून.
"बसू द्या बाई," चाचा म्हणाले,
"वजन राहतं. माल उडत नाही वाऱ्यानं."

चढ आहे. थोडा नाही.
तलावाच्या बांधावरून जे दिसतं ते सांगते:
पाणी, अर्धं;
पलीकडं सळयांच्या कारखान्याचा धूर,
आणि जिनिंगच्या तारेला अडकलेला कापूस,
लांबच लांब, पांढराशिप्पट.
मी म्हटलं, बघ तिर्सा, आपला बर्फ.
"आई, तो कापूस आहे," ती म्हणाली,
आणि शिंकली.

बाजार म्हणजे चर्चसमोर अकरा पाली
आणि सगळ्यांत मिळून एक जनरेटर.
बोरं, मोसंबी, लोकरीचे मोजे,
गोवऱ्यांच्या आरावर हुरडा,
चोळून चोळून तळहात काळा झालेली एक बाई
मापात दोन दाणे जास्तच टाकते लेकरांना.
तुझ्याकडं म्हणे गरम वाईन, दालचिनी घातलेली,
आणि मम्मीला सांगू नको म्हणालास.
नाही सांगितलं. दालचिनी तेवढी सांगितली.
आम्ही गुळाचा चहा घेतला, उभ्यानं, बशीतून.

दोन किलोमीटरला अडीच तास लागले.
कोणाचं गं हे लेकरू?
एलिएजर ब्रदरची भाची का?
तो तिकडं दवाखान्यातच आहे का अजून?
शांतवनमामांनी तर तुझा पगार विचारला.
मी कमी सांगितला.

मग तुझाच फोन आला.
तुझ्याकडं अजून दुपार होती,
माणसं रंगीत टोप्यांची, आणि तू,
नाक लाल, कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून
खांबाला खेटून उभा.
बर्फ दाखवलास.
ओबेदनं तुला हुरडा दाखवला,
इतक्या जवळून की तुझ्याकडं सगळं हिरवंच झालं असणार.
तू विचारलंस, घंटा झाली?
म्हटलं, वीस मिनिटं आहेत.
म्हणालास, थांबतो.

बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.
फोन हातगाड्यावर उभा केला, ताऱ्याला टेकवून,
आणि तू वीस मिनिटं बघत राहिलास
येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कमरा, हात, पिशव्या,
एक शेळी.
घंटा झाली तेव्हा चित्र गोठलेलं होतं,
तोंड अर्धवट उघडं तुझं.
ऐकू आली का, ते कळव.

परतताना तारे संपले होते,
ओबेद गाड्यावर आडवा, झोपलेला,
चाक कुरकुरत होतं.
बेकरीतून नानकटाईचा डबा उचलला,
सकाळी मैदा, तूप, साखर देऊन ठेवली होती ना, मम्मीच्या मापानं.
डब्यावर खडूनं लिहिलेलं नाव पुसलं गेलेलं.
घरी येऊन उघडला तर वेलदोडा भरमसाट,
वर बदामाचा काप.
आपण कधी बदाम लावले, दादा?

तिर्सा म्हणाली, परत करू.
कुणाला करणार? खाल्ल्या.
चांगल्या होत्या.
आणि आत्ता या गावात कुणीतरी
आपला डबा उघडून म्हणत असेल,
ह्या कुणाच्या गं,
साखर किती कमी.